रॉक हडसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की रॉक हडसनचं नाव येतंच, आणि त्यापाठोपाठ तेच ते प्रश्न. काही कुतूहलाचे, काही आगाऊ, काही ऐकीव गप्पांवर उभे. ते सगळे इथे एका जागी घेतले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. नुसतं त्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे. त्यासाठीच क्रमांक दिले आहेत.

१. रॉक हडसन नेमका कोण? नाव ऐकलंय, पण एकही सिनेमा आठवत नाही.

१९५० आणि ६०च्या दशकांतला हॉलिवूडचा सगळ्यात देखणा नायक, असं त्या काळातल्या कुणालाही विचारलं तर सांगेल. उंची सहा फूट चार इंचांच्या वर, रुंद खांदे, खर्जातला आवाज आणि कुणालाही आपलासा वाटेल असा चेहरा. अमेरिकेतले थिएटरमालक दरवर्षी कुठल्या नटाने किती गल्ला आणला याचा कौल देत. त्यात १९५७ आणि १९५९ अशी दोन वर्षं तो पहिला आला. साठाहून जास्त सिनेमे, एक ऑस्कर नामांकन आणि त्यानंतर टीव्हीवरची सहा वर्षं चाललेली मालिका, असा हा हिशेब आहे.

तरी आज त्याचं नाव घेतलं की लोकांना सिनेमांआधी एड्स आठवतो. तो भाग टाळता येत नाही (प्रश्न १२ पासून पुढे आहे), पण आधी त्याची कामं बघू.

२. हे त्याचं खरं नाव होतं का?

छे! जन्म १७ नोव्हेंबर १९२५चा, इलिनॉयमधल्या विनेट्का गावातला, आणि नाव रॉय हॅरल्ड शेरर, ज्युनिअर. वडील मोटार मेकॅनिक. मंदीत काम गेलं आणि ते बायकोमुलाला सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेले. आई टेलिफोन ऑपरेटर होती. तिने दुसरं लग्न केलं तेव्हा सावत्र बापाने मुलाला दत्तक घेतलं, म्हणून तो रॉय फिट्झजेरल्ड झाला.

‘रॉक हडसन’ हे त्याच्या एजंटने, हेन्री विल्सनने, ठेवलेलं नाव. रॉक म्हणजे जिब्राल्टरचा खडक आणि हडसन म्हणजे न्यूयॉर्कची नदी, असं त्याचं मूळ सांगितलं जातं. विल्सनचा तो धंदाच होता. गावाकडून आलेली देखणी पोरं हेरायची, त्यांना राकट नाव द्यायचं आणि स्टुडिओच्या दारात उभं करायचं. आर्ट गेलीनचा टॅब हंटर झाला, मर्ल जॉन्सनचा ट्रॉय डोनाह्यू झाला. हडसनला हे नवं नाव आवडत नसे. मित्र त्याला शेवटपर्यंत रॉयच म्हणत, असं मात्र नाही. हॉलिवूडमध्ये सगळ्यांच्या तोंडी ‘रॉक’च बसलं होतं.

३. अभिनय कुठे शिकला?

कुठेच नाही. नौदलात विमान मेकॅनिक म्हणून फिलिपिन्समध्ये होता. युद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसला आला आणि ट्रक चालवायला लागला. पहिला सिनेमा १९४८चा ‘फायटर स्क्वाड्रन’. दिग्दर्शक राऊल वॉल्श. त्यात त्याच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलं होतं आणि ते नीट यायला ३८ टेक लागले, ही हॉलिवूडची आवडती गोष्ट आहे. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण तो अडखळत होता यावर सगळ्यांचं एकमत आहे.

त्यानंतर युनिव्हर्सल स्टुडिओने त्याला करारावर घेतला आणि अक्षरशः घडवला. दात नीट करून घेतले. घोडेस्वारी, तलवारबाजी, नाच, उच्चार, सगळ्याच्या शिकवण्या लावल्या. त्या बदल्यात मिळेल ते काम करायचं. ‘विंचेस्टर ’७३’ (१९५०) मध्ये तो चक्क आदिवासी टोळीचा तरणा म्होरक्या आहे, अंगाला रंग फासलेला. आज ते बघवत नाही. पण अशा वीसेक फुटकळ भूमिकांतून तो कॅमेऱ्यापुढे न घाबरता उभा राहायला शिकला. नाटकाच्या शाळेतून आलेल्या नटांच्या पिढीत हा असा होता, की ज्याची शाळा म्हणजे स्टुडिओचा आवार. समीक्षकांनी त्याला बराच काळ ठोकळा म्हटलं त्याचं मूळ इथे आहे.

४. मग स्टार कधी झाला?

१९५४ मध्ये, ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’मुळे. एका उडाणटप्पू श्रीमंत पोराच्या हलगर्जीपणामुळे एका बाईचा नवरा जातो आणि पुढे तिची दृष्टीही. तोच पोरगा मग डॉक्टर होऊन तिचे डोळे परत आणतो. कथा ऐकून हसू येईल. आपल्याकडच्या जुन्या हिंदी सिनेमालाही लाजवील असा मसाला आहे. पण दिग्दर्शक डग्लस सर्क होता. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेला, नाटकात मुरलेला माणूस. रडक्या कथेतून तो समाजाला चिमटे काढायचा. त्याने आणि हडसनने मिळून आठ सिनेमे केले.

त्यातला ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) माझ्या मते सर्वांत सरस. विधवा बाई, आणि तिच्या बागेची निगा राखणारा, वयाने लहान असलेला माळी. लग्नाला गावाचा विरोध आहेच, पण जास्त विरोध आहे तो तिच्या मोठ्या झालेल्या मुलांचा. ती माघार घेते. मग नाताळात मुलं तिला भेट म्हणून टीव्ही आणतात. विकणारा माणूस सांगतो, बटण फिरवलं की सगळी सोबत इथेच. आणि बंद टीव्हीच्या काचेत त्या बाईचा एकटा चेहरा दिसतो. या दृश्यात हडसन नाही. पण तिने काय गमावलं ते आपल्याला तिथे कळतं, कारण आधीच्या तासाभरात त्याने तो माळी फार शांतपणे, अजिबात हिरोगिरी न करता उभा केलेला असतो. विधवेचं काम करणारी जेन वायमन त्याच्यापेक्षा आठेक वर्षांनीच मोठी होती, हेही लक्षात ठेवा. तेवढ्यावर गावाने केवढा तो गहजब केला!

५. ‘जायंट’साठी ऑस्कर मिळालं होतं ना?

नामांकन मिळालं, बाहुली नाही. त्या वर्षी ती युल ब्रिनरने नेली, ‘द किंग अँड आय’साठी. हडसनला आयुष्यात मिळालेलं हे एकच ऑस्कर नामांकन. त्याच सिनेमातल्या जेम्स डीनलाही त्याच विभागात नामांकन होतं, तेही मरणोत्तर. ३० सप्टेंबर १९५५ला, चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच, मोटार अपघातात तो गेला. दोघांनी मतं एकमेकांची खाल्ली असं म्हणणारेही आहेत.

डीनच्या दंतकथेपुढे हडसनचं काम झाकोळलं गेलं, हे मला पटत नाही. सिनेमा त्याच्या खांद्यावर आहे. टेक्सासचा मग्रूर जमीनदार, तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत. शेवटाकडे एक साधंसं हॉटेल येतं. मालक मेक्सिकन गिऱ्हाइकांना हुसकून लावतोय. जमीनदाराची स्वतःची सून मेक्सिकन आहे आणि मांडीवर सावळा नातू. हा म्हातारा उठतो आणि त्या दांडगट मालकाशी भिडतो. ज्यूकबॉक्सवर ‘द यलो रोझ ऑफ टेक्सास’ दणदणत असतं. आणि नायक चक्क हरतो! बशांच्या ढिगात आडवा होतो, आणि मालक भिंतीवरची ‘कुणालाही सेवा नाकारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे’ ही पाटी काढून त्याच्या छातीवर टाकतो. १९५६ साली एवढ्या मोठ्या नायकाने असा मार खाणं ही साधी गोष्ट नव्हती.

चित्रीकरण मार्फा या टेक्सासमधल्या आडगावात झालं. तिथे एलिझाबेथ टेलरशी त्याची जी गट्टी जमली ती जन्मभर टिकली. पुढे ती कामी आली (प्रश्न १५).

६. डोरिस डेबरोबर त्याचं काही होतं का?

मैत्री होती, घट्ट. दुसरं काही नाही. सिनेमे तीनच: ‘पिलो टॉक’ (१९५९), ‘लव्हर कम बॅक’ (१९६१) आणि ‘सेंड मी नो फ्लॉवर्स’ (१९६४). तिन्हींत तिसरा टोनी रँडल. जोडी इतकी गाजली की लोकांना ती दहा-बारा सिनेमांची वाटते.

‘पिलो टॉक’ येईपर्यंत तो विनोदी भूमिका करू शकेल यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. कथा टेलिफोनवर बेतलेली आहे. तेव्हा कधीकधी दोन घरांना मिळून एकच लाइन असे. तो सतत बायकांशी गुलुगुलु बोलत लाइन अडवून बसतो आणि ही चिडते. मग तो टेक्सासचा भोळा शेतकरी असल्याचं सोंग घेऊन तिला पटवतो, आणि पुढे त्या शेतकऱ्याबद्दल तिच्या मनात भलतीच शंका पेरतो: आईचा फार लाडका, पाककृतींत रस, बाईच्या अंगाला हात म्हणून लावत नाही. म्हणजे खऱ्या आयुष्यात समलिंगी असलेला नट बायकांच्या मागे लागणाऱ्या पुरुषाचं काम करतोय आणि तो पुरुष समलिंगी असल्याचं भासवतोय. सेटवरच्या निम्म्या लोकांना हे कळत होतं. हडसनला तर नक्कीच. त्याच्या डोळ्यांतली मिश्कील चमक बघा.

७. लग्नात बँडवाले वाजवतात ते ‘कम सप्टेंबर’ याच्याच सिनेमातलं का?

हो, तेच! वरातीत, ऑर्केस्ट्राच्या सुरुवातीला, गणपतीच्या मिरवणुकीत, आपल्याकडे ही धून कुणी ऐकली नाही असं होणार नाही. १९६१च्या ‘कम सप्टेंबर’ची ही शीर्षकधून. बांधली बॉबी डॅरिनने, जो त्या सिनेमात नटही होता. १९९५च्या ‘राजा’तलं ‘नजरें मिली दिल धडका’ याच धूनेवर उभं आहे, त्यामुळे माधुरीच्या चाहत्यांनाही ती पाठ आहे.

सिनेमा मात्र फार कुणी पाहिलेला नसतो. हडसन अमेरिकन लक्षाधीश. दरवर्षी फक्त सप्टेंबरात तो इटलीतल्या आपल्या बंगल्यावर जातो, प्रेयसीला (जीना लोलोब्रिजिदा) भेटायला. एका वर्षी जुलैतच टपकतो, तर कळतं की उरलेले अकरा महिने त्याचा नोकर बंगला हॉटेल म्हणून चालवतोय आणि बंगला गिऱ्हाइकांनी भरलेला आहे. हलकाफुलका, सुट्टीच्या दुपारी बघण्याजोगा. धून मात्र सिनेमापेक्षा दणकट निघाली.

८. तो समलिंगी आहे हे हॉलिवूडला माहीत होतं? मग बाहेर कसं आलं नाही?

धंद्यातल्यांना माहीत होतं. प्रेक्षकांना नव्हतं. कारण सगळ्यांचे हितसंबंध त्यात गुंतलेले होते. स्टुडिओने त्याच्यावर पैसा लावलेला, मासिकांना त्याचे फोटो हवे असलेले, आणि करारात ‘नैतिक वर्तना’चं कलम, ज्याच्या जोरावर नटाला एका दिवसात घरी बसवता येई. कायद्याच्या नजरेत तर तो गुन्हाच होता.

धोका होता तो ‘कॉन्फिडेन्शियल’ नावाच्या चव्हाट्यावरच्या मासिकाचा. त्यांच्याकडे हडसनची बातमी होती. ती दाबण्यासाठी विल्सनने आपल्याच दुसऱ्या दोन नटांचा बळी दिला, असं बहुतेक चरित्रकार मानतात. १९५५ मध्ये त्या मासिकात रॉरी कॅलहूनच्या तुरुंगवासाची आणि टॅब हंटरच्या जुन्या अटकेची बातमी आली. हडसनची आली नाही. विल्सनला सज्जन म्हणायचं कारण नाही. तो स्वतः समलिंगी होता, ही पोरं त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून होती आणि त्याचा त्याने पुरेपूर फायदा उठवला. १९६६च्या सुमारास हडसनने त्याला सोडलं. १९७८ मध्ये विल्सन कंगाल अवस्थेत वारला.

९. मग त्याचं लग्न? ते खोटं होतं का?

३ ऑक्टोबर १९५५च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर हडसन होता, देखणा अविवाहित म्हणून. आत मजकूर असा, की चाहते विचारतायत, एकोणतिसाव्या वर्षी लग्न तरी कर नाहीतर का करत नाहीस ते सांग. ९ नोव्हेंबरला लग्न लागलं. वधू फिलिस गेट्स, विल्सनची सेक्रेटरी. एवढं वाचल्यावर तारखांचा अर्थ लावायला कुणाच्या मदतीची गरज नाही.

पण ‘खोटं’ हा शब्द मी जपून वापरेन. फिलिसने पुढे आठवणी लिहिल्या. आपल्याला काही कल्पना नव्हती, आपण प्रेमात पडून लग्न केलं, असं तिचं म्हणणं होतं. ते न मानणारेही पुष्कळ आहेत. १९५८ मध्ये घटस्फोट झाला. तिने पुन्हा लग्न केलं नाही, त्यानेही नाही.

१०. जिम नेबर्सशी त्याने गुपचूप लग्न केलं होतं, हे खरं का?

साफ खोटं. १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी आपल्या पार्टीची गमतीची निमंत्रणपत्रिका काढली: रॉक हडसन आणि विनोदी नट जिम नेबर्स यांचा विवाह. गंमत सुटली आणि बातमी म्हणून देशभर फिरली. दोघांची नुसती ओळख-मैत्री होती. या अफवेनंतर त्यांना चारचौघांत एकत्र दिसण्याचीही चोरी झाली, आणि ती मैत्री कायमची संपली. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

११. १९६०च्या दशकानंतर तो मागे का पडला?

पिढी बदलली. डस्टिन हॉफमनसारखे चेहरे नायक व्हायला लागल्यावर ‘देखणा’ हा आरोप वाटायला लागला. ज्यूली अँड्र्यूजबरोबरचा अवाढव्य खर्चाचा ‘डार्लिंग लिली’ (१९७०) सपशेल आपटला. मग त्याने टीव्ही घेतला. ‘मॅकमिलन अँड वाइफ’ १९७१ ते १९७७ चालली, त्यात तो सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस आयुक्त होता. पैसा उत्तम होता, काम कंटाळवाणं. रंगभूमीवरही गेला, ‘कॅमलॉट’मध्ये राजा आर्थर झाला. नोव्हेंबर १९८१ मध्ये हृदयावर मोठी बायपास शस्त्रक्रिया झाली.

पण मागे पडण्याआधी त्याने एक जुगार खेळला होता: जॉन फ्रँकनहायमरचा ‘सेकंड्स’ (१९६६). आयुष्याला विटलेला, पन्नाशीचा बँकवाला एका गुप्त कंपनीला पैसे देतो. कंपनी त्याचा मृत्यू घडल्याचं दाखवते, शस्त्रक्रियेने नवा देखणा चेहरा देते, नवं नाव, नवं घर. पट्ट्या सुटतात आणि आरशात रॉक हडसन दिसतो! कॅन महोत्सवात या सिनेमाची हुर्यो उडाली, थिएटरात कुणी फिरकलं नाही. हडसनच्या चाहत्यांना हा माणूस घामाघूम, भेदरलेला बघायचाच नव्हता. त्यातला दारूच्या नशेतला प्रसंग बघा. दुसऱ्याने बनवलेल्या चेहऱ्यात कोंडल्यासारखं वाटणं म्हणजे काय, हे त्याला कुठल्याही दिग्दर्शकाने समजावून द्यायची गरज नव्हती. त्याला ठोकळा म्हणणाऱ्यांना मी हा एकच सिनेमा दाखवतो. २०१५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला गेला.

१२. आजार कधी कळला, आणि त्याने तो का लपवला?

५ जून १९८४ला एड्सचं निदान झालं. मानेवर एक डाग होता, तो तपासायला दिला. तेव्हा विषाणूला आजचं नावही मिळालेलं नव्हतं, रक्तचाचणी बाजारात यायला आणखी नऊ महिने होते, आणि पहिलं मान्यताप्राप्त औषध १९८७ मध्ये आलं. म्हणजे निदान आणि मृत्यूची शिक्षा एकाच कागदावर. त्याने पॅरिसला जाऊन डॉ. दोमिनीक दोर्मों यांच्याकडे ‘एचपीए-२३’ हे प्रायोगिक औषध घेतलं. त्याचा उपयोग झाला नाही.

लपवलं का, तर त्या वेळी हा रोग झालेल्यांना घरमालक बाहेर काढत होते, काही ठिकाणी परिचारिका खोलीत शिरत नव्हत्या. आणि तो आयुष्यभर लपवतच आला होता. वजन उतरायला लागलं तेव्हा ‘डाएटवर आहे’ हे उत्तर तयार होतं.

जुलै १९८५ मध्ये डोरिस डे पाळीव प्राण्यांवर एक कार्यक्रम सुरू करत होती, त्यासाठी तो कॅलिफोर्नियातल्या कार्मेलला गेला. गालफडं बसलेली, कपडे अंगावर लोंबणारे. पत्रकारांना क्षणभर ओळखू आला नाही. लोकांनी नको म्हटलं होतं. डोरिसला शब्द दिलाय म्हणून तो गेला. ते फोटो जगभर छापून आले आणि मग झाकून ठेवण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

१३. ‘डायनेस्टी’ या टीव्ही मालिकेतल्या चुंबनामुळे नटी लिंडा इव्हान्सला धोका होता का?

नाही. चुंबनाने एचआयव्ही पसरत नाही. पण १९८५ मध्ये हे सामान्य माणसाला ठाऊक नव्हतं आणि वर्तमानपत्रांनी घबराट पसरवली. नटांच्या संघटनेनेही त्या वर्षाच्या शेवटी नियम केला, की असा प्रसंग असेल तर कलाकारांना आधी कळवावं.

मालिकेत दोघांचा प्रेमप्रसंग होता आणि हडसनला निदान माहीत होतं. दिग्दर्शक उत्कट चुंबन मागत होता आणि हा ओठ घट्ट मिटून, जेमतेम टेकवून बाजूला होत होता. तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला जमत नाहीये. तो आपल्याला जपत होता हे नंतर कळलं, असं खुद्द लिंडा इव्हान्स सांगत आली आहे. तरी प्रश्न उरतोच: तिला आधी सांगायला हवं होतं का? माझ्या मते हो. धोका नव्हता हे त्याला तरी तेव्हा कुठे माहीत होतं?

१४. त्याने स्वतः जाहीर केलं की तो समलिंगी आहे आणि त्याला एड्स झालाय?

यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. २१ जुलै १९८५ला तो पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात कोसळला. सुरुवातीला यकृताचा कॅन्सर वगैरे सांगितलं गेलं. २५ जुलैला त्याची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या यानू कोलार हिने, त्याच्या संमतीने, एड्स असल्याचं निवेदन वाचलं. त्यात लैंगिकतेबद्दल अवाक्षर नव्हतं.

‘मी समलिंगी आहे’ असं तो जाहीरपणे कधीच बोलला नाही. बाकीचं लिहायला वर्तमानपत्रांनी आठवडाही लावला नाही. शेवटच्या आठवड्यांत त्याने सारा डेव्हिडसन या लेखिकेला आपलं चरित्र लिहायची मुभा दिली, मित्रांना मोकळेपणाने बोलायला सांगितलं. ते १९८६ मध्ये आलं. त्यामुळे ‘समलिंगी असल्याचं उघड सांगणारा पहिला स्टार’ असं त्याला म्हणणं चूक आहे.

परतीसाठी त्याने एअर फ्रान्सचं अख्खं ७४७ भाड्याने घेतलं, कारण नेहमीच्या विमान कंपन्या त्याला न्यायला तयार नव्हत्या. २ ऑक्टोबर १९८५ला सकाळी बेव्हर्ली हिल्सच्या घरी तो गेला. वय ५९.

१५. त्याच्या जाहीर करण्याने खरंच काही फरक पडला का?

पडला, आणि तो मोजता येण्याजोगा आहे. तोवर चार वर्षं अमेरिकेत माणसं मरत होती आणि ती बातमी आतल्या पानांवर होती. आता प्रत्येक घरात ओळखीचा एक चेहरा त्या रोगाला मिळाला. १९ सप्टेंबर १९८५ला लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ टेलरच्या पुढाकाराने मोठं निधीभोजन झालं. आदल्या काही महिन्यांत हॉलिवूडमधल्या अनेकांनी तिला टाळलं होतं. आता तिकिटं पुरेनात. दहा लाख डॉलरहून जास्त जमले. हडसन अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्या नावाचा संदेश बर्ट लँकेस्टरने वाचला. त्याने दिलेल्या अडीच लाख डॉलरमधून संशोधनासाठी संस्था उभी राहिली. तीच पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. मॅथिल्ड क्रिम यांच्या संस्थेत मिळून ‘ॲमफार’ झाली.

आपल्याकडे तेव्हा हा ‘तिकडचा’ रोग समजला जात होता. हडसन गेल्यावर काही महिन्यांतच, १९८६ मध्ये, मद्रासमध्ये भारतातले पहिले रुग्ण सापडले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी एड्स संशोधनाचं केंद्र काढलं.

१६. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन तर त्याचे मित्र. त्यांनी मदत नाकारली हे खरं?

मे १९८४ मध्ये व्हाइट हाऊसच्या मेजवानीला तो हजर होता. पॅरिसच्या दवाखान्यात रेगन यांनी त्याला फोन केला, तेही खरं. पण दोर्मों ज्या फ्रेंच लष्करी रुग्णालयात होते तिथे त्याला दाखल करून घेण्यासाठी व्हाइट हाऊसने शब्द टाकावा, अशी तार गेली, तेव्हा नॅन्सी रेगन यांच्या संमतीने ती विनंती पॅरिसच्या वकिलातीकडे ढकलली गेली. ओळखीच्यांसाठी अपवाद करायचा नाही, असं कारण नंतर सांगण्यात आलं. नियम म्हणून बरोबर असेल. पण त्यांच्या इतर मित्रांना असे अपवाद मिळत आले होते, असं टीकाकार दाखवून देतात. एड्सवर रेगन यांचं पहिलं मोठं भाषण मे १९८७ मध्ये झालं, टेलरच्याच आग्रहावरून.

१७. एड्सने गेलेला तो पहिला प्रसिद्ध माणूस होता का?

नाही. गायक क्लाउस नोमी १९८३ मध्ये गेला, तत्त्वज्ञ मिशेल फुको जून १९८४ मध्ये. एवढा मोठा तारा आणि जिवंतपणी जाहीर झालेलं निदान, या दोन्ही अटी घातल्या तर पहिला हडसन.

१८. त्याच्या जोडीदाराला एड्स झालाच नव्हता, तरी कोर्टाने लाखो डॉलर कसे दिले?

मार्क ख्रिश्चन १९८३ पासून हडसनच्या घरी राहत होता. निदान झाल्यावरही त्याला काही सांगितलं नाही. टीव्हीवर बातमी बघून कळलं, असं त्याचं म्हणणं. त्याने हडसनच्या इस्टेटीवर आणि सेक्रेटरीवर दावा लावला. चाचणी दरवेळी निगेटिव्ह आली. तरी १९८९ मध्ये ज्यूरीने आधी १ कोटी ४५ लाख डॉलर आणि वर सेक्रेटरीला दंड म्हणून ७२ लाख ५० हजार ठोठावले. भरपाई रोगाची नव्हती, फसवणुकीची आणि आपल्याला झाला असेल या भीतीत काढलेल्या दिवसांची होती. न्यायाधीशांनी रक्कम ५५ लाखांवर आणली, आणि १९९१ मध्ये तडजोड झाली.

हडसनवर प्रेम करणाऱ्यांना हा भाग नकोसा वाटतो. ख्रिश्चनला लोभी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. प्रश्न १३ मधल्या लिंडा इव्हान्सपेक्षा याचा धोका कितीतरी खरा होता, हे विसरू नये.

१९. सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

हसायचं असेल तर ‘पिलो टॉक’. घरच्या मोठ्यांबरोबर बसणार असाल तर ‘ऑल दॅट हेवन अलाउज’, दीड तासात संपतो. ‘जायंट’ तीन तासांहून मोठा आहे, रविवार राखून ठेवा. ‘सेकंड्स’ रात्री एकट्याने, आणि आधी इतर दोन तरी बघून मगच. हा चेहरा ओळखीचा झाल्याशिवाय त्याची खुमारी कळत नाही. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९५७) मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी सोडून द्या. डोंगर सुंदर आहेत, बाकी काही नाही.